पहिल्या जहाजावर निघालेल्या पोराच्या निरोपाला समुद्राची उपमा द्यावी का, आणि दिली तर कुठली

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा पुतण्या डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा करून डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी म्हणून पहिल्या जहाजावर निघालाय, गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, देवळासमोर निरोपाचा छोटा कार्यक्रम आहे आणि चुलते म्हणून तुम्हाला दहा मिनिटं बोलायचंय. भाषणात जहाज, समुद्र, किनारा आणायची इच्छा आहे. पण गावातल्या बऱ्याच लोकांनी समुद्र बघितलाय तो गणपतीपुळ्याच्या ट्रिपमध्ये तेवढाच, तुमच्या आई म्हणतात की पाण्याबिण्याचं काही बोलू नकोस, आणि नेटवर शोधलं तर नुसते किनारा सोडायचे सुविचार सापडतात. म्हणून तुम्ही विचारलंय की समुद्रावर निघणं या प्रतीकाचा खरा अर्थ काय आणि ते इथं वापरावं का नको.

मी सांगली-मिरज भागात सूत्रसंचालन करते आणि मानपत्रं लिहून देते. सेवानिवृत्ती, सत्कार, शोकसभा, दहावी-बारावीचे निरोप समारंभ, सगळीकडं नाव, होडी, किनारा, वादळ, दीपस्तंभ हे शब्द येतातच, कुणीतरी बोलतंच. त्यामुळं या प्रतीकाचं समोर बसलेल्या माणसांवर काय होतं हे मी पुष्कळ वेळा स्टेजच्या कडेला उभं राहून बघितलंय. माझं उत्तर असं की वापरा, जरूर वापरा, पण अर्थ शोधत बसू नका. अर्थ एक नाहीच. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या माणसांच्या होड्या आपल्या भाषेत एकाच धक्क्याला बांधलेल्या आहेत आणि भाषण करणारा घाईत कुठल्या तरी एकीत पाय टाकतो. तुम्ही आधी तीन गोष्टी ठरवा. होडीत कोण बसलंय, काठावर कोण उभं आहे, आणि ती होडी परत येणार आहे का. ही तिसरी गोष्ट निरोपाच्या भाषणात सगळ्यात महत्त्वाची आणि तीच बहुतेक जण विसरतात.

आपल्याकडं सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खोल रुजलेली होडी आहे ती पलीकडं नेणारी. भवसागर, भवनदी, नामाची नौका, गुरू म्हणजे नावाडी, आणि पैलतीर. हे आपल्या कीर्तनातलं, भजनातलं, आजीच्या तोंडातलं आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचं लांबलचक रूपक आहे, त्यात कोण कसं पार जायला बघतं आणि कुठं कसं अडकतं याची यादीच आहे, कुणी स्वतःच्या बुद्धीच्या जोरावर उडी घेतली त्यांचा पत्ताच लागला नाही, आणि शेवटी जे सर्वभावे शरण गेले त्यांच्यासाठी ऐलथडीलाच, म्हणजे अलीकडच्या काठालाच पाणी संपून गेलं असं माउली म्हणतात. म्हणजे बघा, त्या परंपरेत पाणी ही जाऊन बघून यायची जागा नाहीच, ते ओलांडायचं आहे, आणि एकदा ओलांडलं की परत यायचं नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही नाव येते ती वाऱ्यानं पाण्यावर भरकटवलेली, इंद्रियांच्या मागं गेलेलं मन माणसाची बुद्धी तशी ओढून नेतं म्हणून. तिथंही पाणी म्हणजे धोकाच.

आता ही होडी सुंदर आहे यात वाद नाही. पण ती शोकसभेची होडी आहे. सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात चांगला बोलणारा माणूस सुद्धा ओघात 'सर आता पैलतीराला पोचले' म्हणून जातो आणि पहिल्या रांगेतल्या त्यांच्या बायकोचा चेहरा बदलतो. टाळ्या वाजतात, कुणी काही बोलत नाही, पण ते वाक्य घरी जातं. म्हणून माझ्या मानपत्रांमध्ये मी जिवंत माणसासाठी पैलतीर, पल्याड, पार, अखेरचा प्रवास यातला एकही शब्द येऊ देत नाही, आणि तुमच्या पुतण्याच्या बाबतीत तर अजिबात नको, कारण तो खरोखरच पाण्यावर चाललाय.

दुसरी होडी आहे ती शाळेच्या पुस्तकातून आलेली, अज्ञात समुद्रात घुसणाऱ्या खलाशाची, वादळाला आव्हान देणारी. वक्तृत्व स्पर्धेत ही हमखास असते. मला ती आवडते, तिचं एक वय असतं आणि त्या वयात ती पोरांना खरंच उभं करते. पण ती तुमच्या कार्यक्रमात दोन कारणांनी बसत नाही. एक म्हणजे ती पूर्णपणे निघणाऱ्याची होडी आहे, काठावर उभं असलेल्यांना तिच्यात जागा नाही, किनाऱ्याला तर ती तुच्छच लेखते. आणि तुमच्या कार्यक्रमात बसलेलं सगळं गाव म्हणजे किनाराच आहे की. ज्या आईनं त्याच्या डब्याची, ज्या बापानं फीची सोय केली त्यांच्यासमोर किनारा सोडणं म्हणजेच पुरुषार्थ असं सांगायचं कशाला.

दुसरं कारण साधं आहे, खऱ्या जहाजावर तसं काही नसतं. कॅडेट जहाजावर जातो तो विमानानं. सांगलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई, तिथून विमान, मग सिंगापूर किंवा फुजैराह किंवा कंपनी सांगेल ते बंदर, आणि तिथं साइन ऑन, म्हणजे जहाजावर रुजू होणं. धक्क्यावर रुमाल हलवणारी माणसं नाहीत, शीड नाही, डोलकाठीवर चढणारा खलाशी नाही. सुकाणू त्याच्या हातात लगेच कुणी देत नाही. सुरुवातीचे दिवस गंज खरवडायचा, रंग मारायचा, दोर आवरायचे, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम सांगेल ते करायचं आणि ऑफिसरच्या मागं उभं राहून वॉच, म्हणजे जहाज चालू असतानाची पहाऱ्याची पाळी शिकायचा, चार तास वॉच आणि मग आठ तास सुट्टी, त्यातही अभ्यास आणि दुसरी कामं. डीएनएस झालेल्याला साधारण अठरा महिन्यांचा सी टाइम, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचा काळ भरल्यावर सेकंड मेटच्या, म्हणजे पहिल्या अधिकारीपदाच्या परीक्षेकडं जाता येतं. हे सगळं पोराला माहीत आहे. त्याच्यासमोर तुम्ही 'तू आता तुझ्या जहाजाचा कप्तान' म्हणालात तर तो लाजेल, आणि त्याचे दोन मित्र मागं हसतील. ज्याच्यासाठी समुद्र खराच आहे त्याच्याशी समुद्राच्या उपमेत बोलू नका, त्याच्याशी सरळ बोला, तब्येत, झोप, वरिष्ठांशी वागणं, घरी मेसेज. उपमा ठेवा ती जे मागं राहणार आहेत त्यांच्यासाठी. हा माझ्या सगळ्या उत्तरातला मुद्दा आहे.

आता तुमच्या आईंचं. त्यांना घाबरट समजू नका आणि भाषणात 'जुन्या समजुती' असा उल्लेखही नको. समुद्र ओलांडायला मनाई हे धर्मशास्त्रात बौधायनापासून आहे, समुद्रप्रवास पातकांत धरलाय, आणि परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावणं हे इंग्रजांच्या काळातही घराघरात चालत होतं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून अमेरिकेला बोटीनं निघाल्या तेव्हा आधी त्यांना सभेत उभं राहून आपण का जातोय हे सांगावं लागलं होतं. मनाई गेली, भीती शब्दांत शिल्लक राहिली. आणि आपल्या भागाला तर पुस्तकातली भीती नकोच, २०१९ चा ऑगस्ट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. कृष्णाकाठच्या माणसाला 'होडी' म्हटल्यावर कोकणातल्या माणसासारखं मासे आणि सण आठवत नाहीत, त्याला गच्चीवर काढलेल्या रात्री, दावणीची जनावरं आणि एनडीआरएफची रबरी बोट आठवते. त्यामुळं वादळात सापडलेली नाव, हेलकावे, बुडता बुडता वाचलो, असलं काहीही तुमच्या गावात रूपक म्हणून चालणार नाही. ते तिथं रूपक राहतच नाही. हेच भाषण तुम्ही दुष्काळी भागात, विट्याला किंवा आटपाडीला केलं असतं तर गोष्ट वेगळी, तिथं पाण्याचा अर्थच वेगळा, तिथं पाणी म्हणजे वाट बघायची गोष्ट. हे परिस्थितीवर आहे म्हणून आधी समोर कोण बसणार त्याचा अंदाज घ्या, आणि पुरात कुणाच्या घरातलं माणूस गेलं असेल तर ते घर कुठं बसतंय हे सुद्धा बघून ठेवा.

मग आईंना आवडेल अशी होडी आहे का? आहे. नारळी पौर्णिमेची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, श्रावणी पौर्णिमेला कोळी लोक सोनेरी कागद लावलेला नारळ वाजतगाजत नेतात, दर्याची पूजा करतात, नारळ पाण्यात सोडतात आणि मग पुन्हा होड्या लोटायचा हंगाम सुरू. यातली खुबी अशी की समुद्राला आव्हान नाही आणि समुद्र ओलांडायचाही नाही. त्याच्याशी रोजचा व्यवहार आहे, तो देतो, आपण मान देतो, आणि माणूस परत यावा एवढंच मागणं. परत येणं त्या विधीतच आहे. आपल्या नौदलाचं ब्रीद 'शं नो वरुणः' त्याच जातीचं आहे, वरुणानं आमचं कल्याण करावं, बस्. यात जिंकण्याची भाषा नाही. तुमच्या कार्यक्रमात आईंच्या हातून पोराच्या हातात एक नारळ द्या, नाहीतरी आपल्याकडं नारळ-शाल असतेच, फक्त त्या वेळी माईकवरून हे दोन वाक्यांत सांगा की किनाऱ्यावरची माणसं समुद्राला नारळ देतात तो आपलं माणूस सुखरूप यावं म्हणून. आई नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

गावानं समुद्र पाहिला नाही याची काळजी तर सोडूनच द्या. साताऱ्या-सांगलीचा समुद्राशी संबंध नाही असं आपण उगाच धरून चालतो. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास, पण ती तिकडं न जाता पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, आणि त्याच डोंगरावरची सावित्री मात्र पश्चिमेला उतरून बाणकोटला समुद्र गाठते. साताऱ्याच्या गादीवरून आरमार चालायचं, १७१४ च्या सुमारास कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद त्यांच्याकडं कायम झालं, म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गावाचा शब्द कुलाब्याच्या समुद्रावर चालत होता. त्याच्याही आधी १६६५ ला शिवाजी महाराज स्वतः जहाजातून बसरूरच्या मोहिमेवर गेले, सिंधुदुर्गाचं काम आदल्या वर्षी सुरू झालं होतं. हे शेवटचं सगळे सांगतात, तुम्ही नाही सांगितलं तरी चालेल.

मला स्वतःला यात सगळ्यात भिडतात ते रंगो बापूजी गुप्ते. १८३९ ला इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी समुद्र ओलांडून लंडनला गेले आणि तिथं तेरा-चौदा वर्षं कंपनी सरकारच्या दारात अर्ज, सभा, निवेदनं करत राहिले. मधे १८४७ ला महाराज काशीलाच वारले, पुढच्या वर्षी राज्यही खालसा झालं, तरी ते तिथं लढत होते. हातात काही न पडता परत आले. त्यांच्या समुद्रप्रवासात नवा प्रदेश शोधणं नाही, धाडस दाखवणं नाही, दिलेल्या शब्दासाठी जाणं आहे. किनारा सोडण्याच्या सुविचारात हा माणूस कुठंच बसत नाही बघा. पण ही गोष्ट निरोपाच्या कार्यक्रमाला जड आहे, शेवट दुःखाचा आहे, त्यामुळं ती मी शिक्षकदिनाला किंवा वकिलांच्या सत्काराला ठेवते. तुम्हाला सांगितली ती एवढ्यासाठी की निघण्याची कारणं किती वेगळी असतात हे लक्षात राहावं.

तुमच्या कामाची गोष्ट दुसरी आहे आणि ती सांगलीची आहे. विश्रामबागचं वालचंद कॉलेज सगळ्या गावाला माहीत, निम्म्या लोकांची पोरं तिथं शिकली नाहीतर तिथं नंबर लागला नाही म्हणून हळहळली. ते नाव ज्यांचं त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढली. त्या कंपनीचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यात असलेल्या त्या मार्गावर भारतीय मालकीचं जहाज, म्हणून तर ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. जहाज काही नवंकोरं नव्हतं, जुनं होतं, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेलं, पहिल्या महायुद्धात ते हॉस्पिटल शिप होतं. आणि कंपनीच्या नावातलं सिंधिया म्हणजे तेच शिंदे, ज्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड. म्हणजे विचार करा, कण्हेरखेडच्या शिंद्यांचं नाव घेऊन, सांगलीच्या कॉलेजावर ज्यांचं नाव आहे त्या माणसाचं जहाज लंडनला निघालं होतं. ही गोष्ट सांगितली की गावातल्या माणसाला समुद्र आपला वाटायला लागतो, पोरगा आपल्यातून तुटून कुठंतरी लांब चाललाय ही भावना जरा हलकी होते, कारण या वाटेनं आपली माणसं आधी गेलेली आहेत. दीड मिनिटात सांगून होते, तारीख एकच सांगा, बाकीच्या गाळा.

आता प्रतीकाबद्दल. तुम्ही नेटवर शोधलेली प्रतीकं जुन्या शिडाच्या जहाजांची आहेत, पण आजच्या जहाजावरच अशा गोष्टी आहेत ज्या अजून भाषणबाजीत घासून गुळगुळीत झालेल्या नाहीत. दोन सांगते.

पहिली पायलटची. केवढंही मोठं जहाज असो, कॅप्टन कितीही अनुभवी असो, बंदरात शिरताना आणि बंदरातून बाहेर पडताना सहसा त्या बंदरातला स्थानिक पायलट जहाजावर घ्यावाच लागतो. त्याला तिथला गाळ, उथळ जागा, भरती-ओहोटी, प्रवाह सगळं पाठ असतं. तो छोट्या बोटीतून येतो, जहाजाच्या कुशीला सोडलेल्या दोरीच्या शिडीनं वर चढतो, आणि त्याला घ्यायला शिडीपाशी बऱ्याचदा कॅडेटच उभा असतो, म्हणजे तुमचा पुतण्याच. पायलट जहाजावर असेपर्यंत अर्धा पांढरा अर्धा लाल असा एक झेंडा वर असतो. जहाज मोकळ्या पाण्यात आलं की पायलट परत शिडीनं खाली उतरतो आणि आपल्या बोटीतून बंदरात माघारी जातो. झेंडा उतरतो. पुढचं जहाजाचं जहाज बघून घेतं.

दादा, तुम्ही चुलते आहात. तुमच्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही. आई-वडील, मास्तर, चुलते, शेजारी, ज्यांनी ज्यांनी त्याला इथल्या गाळातून आणि उथळ पाण्यातून बाहेर काढलं ते सगळे पायलट, आणि आजचा कार्यक्रम म्हणजे शिडीनं खाली उतरणं. यात काठावरच्या माणसांचा मान आहे, पोराला पुढं जाऊ देणं आहे, कुठं बुडणं-वादळ नाही, आणि जहाज जेव्हा परत बंदराकडं येतं तेव्हा पायलट पुन्हा सामोरा जातोच, म्हणजे परत येणंही आलं. शिवाय हे खरं आहे, पोरगा ऐकताना मान डोलावेल, आणि पहिल्यांदा शिडीपाशी उभा राहील तेव्हा त्याला तुम्ही आठवाल.

दुसरी आहे लोडलाइनची. जहाजाच्या कुशीवर एक गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते, शेजारी आणखी काही रेघा. त्या ऋतूच्या आणि पाण्याच्या रेघा असतात, जहाज त्यापलीकडं खाली जाईल इतका माल भरायचा नाही. ब्रिटनमध्ये जहाजमालक जुनाट जहाजं वाट्टेल तशी भरून पाठवायचे आणि खलाशी मरायचे, म्हणून सॅम्युएल प्लिम्सॉल नावाचा खासदार वर्षानुवर्षं भांडला आणि १८७६ च्या कायद्यानं ही रेघ आली. त्यातही एक गंमत आहे, गोड्या पाण्याची रेघ वेगळी असते, कारण समुद्राचं पाणी जड, घनता साधारण १.०२५, त्यामुळं नदीत भरलेलं जहाज समुद्रात गेलं की आपोआप थोडं वर उचललं जातं. नदीकाठच्या पोराला सांगायला हे केवढं छान आहे. हेडमास्तर बोलणार असतील तर त्यांना हे द्या, तुम्ही घेऊ नका, एका भाषणात एकच प्रतीक राहू दे. दोन आली की लोकांना एकही आठवत नाही.

पण त्या रेघेचा दुसरा अर्थ मात्र भाषणात नको, तो घरात बोला. कोर्सची फी मोठी असते, कर्ज काढलेलं असतं, कधी रान गहाण असतं, आणि पहिल्या पगाराआधीच घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, चुलतभावाची नोकरी सगळं त्या एका पोरावर भरायला सुरुवात होते. तो तिकडं आठ-नऊ महिने एकटा असणार, फोन लागेल तेव्हा लागेल. त्याच्यावर किती भरायचं याची रेघ तुम्ही मोठी माणसं तो निघायच्या आधी आखून घ्या. कार्यक्रमात 'आता घराचं नाव काढ, आता सगळं तुझ्यावर' हे वाक्य कुणी बोलणार असेल तर त्याला आधीच बाजूला घेऊन सांगा. मी निरोप समारंभात पोरांचे खांदे त्या वाक्याला खाली गेलेले बघते आणि मला फार वाईट वाटतं.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात: पैलतीर आणि वादळ दोन्ही नको, कप्तान नको, नारळ आईंच्या हातून, लॉयल्टीची गोष्ट दीड मिनिट, आणि मुख्य जागा पायलटची. पोराशी बोलाल ते सरळ, उपमेशिवाय. नमुना म्हणून थोडं लिहून देते, तुमच्या बोलीत फिरवून घ्या, माझं जसंच्या तसं वाचू नका, लगेच कळतं.

'मंडळी, आपल्या गावातनं आजवर पोरं मिलिटरीत गेली, मुंबईला गेली, पुण्याला कंपनीत गेली. जहाजावर जाणारा हा पहिलाच. मी त्याला विचारलं, एवढं मोठं जहाज बंदरातनं बाहेर काढतं कोण? तर म्हणाला, काका, त्याला त्या गावचाच माणूस लागतो. पायलट म्हणतात. कॅप्टन कितीबी मोठा असू दे, तिथला गाळ कुठं हाय न पाणी कुठं उथळ हाय ते त्या गावच्यालाच माहीत. त्यो दोरीच्या शिडीनं वर चढतो, जहाज मोकळ्या पाण्यात आणून सोडतो, आणि त्याच शिडीनं उतरून माघारी येतो. मला तवाच वाटलं, आपण सगळी हेच केलं की. ह्याला शाळेत सोडणारी वहिनी, गणितं घालून रडवणारे मास्तर, एसटी चुकली की गाडीवरनं स्टँडला नेऊन सोडणारा ह्यो आपला शेजारी. आज आपली उतरायची वेळ आली. उतरताना पायलट कॅप्टनला काही उपदेश करत बसत नाही, हात मिळवतो आणि जातो. आणि ते जहाज परत बंदराकडं वळलं की बोट घेऊन पुन्हा सामोरा जातो. तू सुट्टीला येशील तवा आम्ही स्टँडवर असतोय.'

एवढंच. हे वाचायला दोन मिनिटं लागतात, बोलताना थांबत थांबत तीन होतील. 'पहिलाच' हे तपासून घ्या, मागं कुणी जहाजावर जाऊन आलेला असेल तर त्याला स्टेजवर बोलवा, तुमच्यापेक्षा त्याचे दोन शब्द जास्त मोलाचे. पोराकडून जॉइनिंगचं बंदर आणि जहाज कुठल्या मालाचं ते विचारून घ्या, टँकर आहे का कंटेनर का बल्क, म्हणजे तासगावच्या द्राक्षांचं नाहीतर बेदाण्याचं उदाहरण देताना टँकरवर द्राक्षं चढवली जाणार नाहीत. जहाजाचं नाव आणि तारखा मात्र माईकवरून आणि फेसबुकवर जाहीर करू नका, कंपन्यांना ते चालत नाही आणि ऐनवेळी जहाज बदलतंही.

पोराला बोलायला लावणार असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, स्टेजवर अचानक माईक हातात देऊ नका, आणि आभारप्रदर्शन त्याच्या आधीच उरका, म्हणजे लोक त्याचं ऐकून जेवायला उठतील.